मुलांपुढचा कित्ता



आपल्यापैकी जुन्या मंडळींनी शाळेत कित्ता गिरवलेला असेल. पानाच्या माथ्यावर एक ओळ छापलेली, वळणदार आणि रेखीव. तिच्याखाली साऱ्या ओळी रिकाम्या. मुलाने वरची ओळ पाहून खालच्या भरावयाच्या. परंतु मास्तरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असे. मूल पहिली ओळ छापील अक्षरांवर नजर ठेवून लिहिते; पुढे मात्र त्याची नजर लगतच्या ओळीवर येते. तिच्यात जे वाकडे पडले असेल ते पुढच्या ओळीत अधिक वाकडे होते, आणि पान संपेपर्यंत कित्त्याचे वळण कोठच्या कोठे जाते. आजच्या विषयाचा विचार करताना ही कित्त्याची वही आमच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

विषय असा आहे, की पैसे घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंना मुलांनी आदर्श मानावे की नाही? २००८ साली आयपीएल नावाची स्पर्धा सुरू झाली आणि खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. लिलाव ही गोष्ट पिंपळगावकरांना नवी नाही. टोमॅटोच्या आणि कांद्याच्या लिलावावर आपल्याकडे कित्येक घरांचे वर्ष अवलंबून असते. पण आपल्या घरातल्या पोराला बाजार समितीतला आजचा भाव ठाऊक नसतो, आणि कोणता गोलंदाज किती कोटींना गेला हे मात्र तोंडपाठ असते. यावर घराघरांत दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, पैशासाठी खेळणाऱ्यांचा कसला आदर्श? दुसरा म्हणतो, पोराने असेच नाव आणि पैसा मिळवावा. दोघांचीही दृष्टी खेळाडूवर खिळलेली आहे. खेळाडूकडे पाहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

पैसे घेऊन खेळणे हे एके काळी कमीपणाचे मानले जात असे. इंग्लंडात क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. हौसेने खेळणारे ते ‘जंटलमेन’ आणि मोबदला घेणारे ते नुसते ‘प्लेयर्स’. एकाच संघात खेळणाऱ्या या दोघांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, पुष्कळ ठिकाणी मैदानात उतरण्याचे दारही वेगळे. हा भेद १९६२ च्या अखेरीस मोडला. अमेरिकेचा जिम थॉर्प याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. पण पूर्वी त्याने बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते, एवढ्यावरून १९१३ साली ती काढून घेण्यात आली. तो १९५३ साली वारला, आणि त्याच्या कुटुंबाला पदके परत मिळाली ती १९८३ साली. ज्यांच्या घरी पोटाची ददात नव्हती त्यांनी पोटासाठी खेळणाऱ्याला हलके ठरवावे, असा हा न्याय होता. तेव्हा ‘पैसे घेतो’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपण कोणाची परंपरा चालवीत आहोत याचा थोडा विचार करावा.

आपल्याकडे या न्यायाला आणखी एक पदर होता, आणि तो जातीचा होता. त्याची कहाणी म्हणजे पळवणकर बाळू यांची कहाणी. हे घराणे मूळचे कोकणातल्या पळवणचे, चर्मकार समाजातले. वडील लष्करात नोकरीला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात बाळू एका पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोट आणि खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामाला लागले. पगार महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे सरावासाठी गोलंदाजी करणे हेही नोकराचेच काम. साहेबाने फलंदाजी करावी आणि नोकराने उन्हात तासन् तास चेंडू टाकावेत. हातात बॅट घेण्याची पाळी नोकरावर कधी यावयाची नाही. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नाणावलेला फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केले की तो त्यांना दर वेळी आठ आणे देई, अशी गोष्ट सांगतात. त्या आठ आण्यांत कौतुक होते हे खरे, पण ते साहेबाने नोकराचे केलेले कौतुक होते.

तथापि त्या राबण्यातून डाव्या हाताचा एक असामान्य गोलंदाज तयार झाला. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांवर मात करावयाची होती, आणि साहेबांना बाद करणारा माणूस तर अस्पृश्य मानलेल्या जातीचा. खूप चर्चा होऊन बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलला. त्या चेंडूला विटाळ नव्हता. परंतु चहाची वेळ झाली की सोबती मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही निराळेच.

ही गोष्ट आपण बाळूंच्या बाजूने नेहमी ऐकतो. त्यांची सोशिकता, त्यांची जिद्द, त्यांचे यश. आम्ही आपल्याला क्षणभर दुसरीकडे पाहावयास सांगतो. त्या मैदानाच्या कडेला पुण्यातली मुले उभी असतील. त्यांनी बाळूंची गोलंदाजी पाहिली आणि ते मातीचे भांडेही पाहिले. त्यांपैकी कोणते त्यांनी गिरवले असेल? घरी गेल्यावर चेंडू फिरवण्याचा प्रयत्न प्रत्येकाने केला असेल, आणि तो एखाद्यालाच साधला असेल. भांडे वेगळे ठेवणे मात्र सर्वांनाच साधले. कारण ती ओळ लगतची होती. ती बापाच्या आणि काकाच्या हातची होती.

याला विरोध करणारेही होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि आजची आपली ही सभा त्याच परंपरेतली. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असे याच रानड्यांनी बाळूंच्या संबंधात जाहीरपणे बजावले होते, अशी आठवण सांगितली जाते. खेळाचे व्याख्यान या व्यासपीठावर शोभत नाही असे ज्यांना वाटत असेल त्यांना आमचे हे उत्तर आहे.

पुढे प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी दोन डावांत मिळून ८ बळी घेतले. त्यांचे बंधू शिवराम हेही त्याच संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेतास बात झाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मुंबईत कॉलेजात शिकत होते, आणि बाळूंविषयी त्यांच्या मनात किती आदर होता हे प्रसिद्ध आहे. ज्या समाजातल्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नसत, त्या समाजातला एक माणूस साहेबाच्या देशात साहेबाला बाद करून आला, याचा अर्थ त्या मुलांना सांगावा लागला नसेल.

पण कर्णधारपद? ते बाळूंना मिळाले नाही. १९१३ साली हिंदू संघाचे कर्णधार झालेले पै यांनी स्वतः म्हटले, की हा मान वस्तुतः बाळूंचा होता. हे म्हणणे मोठेपणाचे होते. पण निवड करणाऱ्यांना ते ऐकू आले नाही. १९२० साली हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बाळूंना संघातून वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन केले. हा आमच्या मते साऱ्या कहाणीतला मर्माचा प्रसंग आहे. खेळाडूने खेळून आदर्श घालून दिला ही गोष्ट नित्याची. येथे खेळाडूंनी न खेळून आदर्श घालून दिला. अखेर बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवले, आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. विठ्ठलनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली निघाले.

खांद्यावर घेतले! या ठिकाणी सामान्यतः गोष्ट संपते आणि टाळ्या पडतात. पण आपण नाशिक जिल्ह्यातले लोक आहोत. आपल्याला पुढची तारीख ठाऊक आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. मुंबईच्या मैदानावर ज्या समाजातल्या माणसाला हजारोंनी खांद्यावर घेतले, त्या समाजाला सात वर्षांनंतरही आपल्या नाशकात रामाच्या दारात उभे राहू देत नव्हते. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या शेजारच्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. खेळाडूला खांद्यावर घेण्यास फारसे काही लागत नाही. त्याला उंबरठ्याच्या आत घेण्यास पुष्कळ लागते. आणि मुले खांद्याकडे पाहतात तितकीच उंबरठ्याकडेही पाहतात.

बाळू आणि बाबासाहेब यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. ज्याला आपण आदर्श मानले त्याचे राजकारणही डोळे मिटून मानले पाहिजे असे नाही, हा धडाही या इतिहासात आहे. गोलंदाजीपुरता आदर आणि मतापुरता विरोध, ही दोन्ही एका मनात राहू शकतात. मुलांना हे शिकवावे. म्हणजे एखाद्या खेळाडूचे पाऊल घसरले तर मुलाचे सारे जग कोसळत नाही.

आता या कहाणीची दुसरी, उजळ बाजू पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड करून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे कर्ज फेडले, असे सांगतात. आता हे पैशासाठी खेळणे झाले की नाही? नियमाच्या पुस्तकात काहीही लिहिलेले असो, ज्या घरात असे कर्ज फेडले जाते त्या घरातल्या मुलाला पैसा आणि इभ्रत यांचे नाते व्याख्यानावाचून समजते. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात लागले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. त्यांचे पदक मुलांना आम्ही जरूर सांगू. पण त्याच दमात प्राचार्यांचे गहाण पडलेले घरही सांगू. कारण आपल्यापैकी फार थोडी मुले पदक आणतील. दुसऱ्यासाठी पदराला खार लावून घेण्याची वेळ मात्र प्रत्येकावर केव्हा तरी येणारच आहे.

मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर या गुरूंनी असाच एक लहानसा संस्कार केला. ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. सचिनला बाद करील त्याला ते नाणे मिळावयाचे. सचिन शेवटपर्यंत टिकला तर नाणे सचिनचे. अशी १३ नाणी सचिन तेंडुलकरांनी जपून ठेवली. ग्रेग साहेबाचे आठ आणे आणि आचरेकरांचा रुपया शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही नाणी खेळण्याच्याच मोबदल्यात दिलेली. एकात धनी आपल्या करमणुकीचे दाम मोजीत होता. दुसऱ्यात गुरू शिष्याला उभे राहण्यास शिकवीत होता. नाणे खेळाला बाटवत नाही. ते कोणत्या हातातून येते यावर सारे अवलंबून असते. तेंडुलकर पुढे अमाप पैसा मिळवते झाले. तरी दारू आणि तंबाखू यांच्या जाहिराती त्यांनी केल्या नाहीत, आणि त्याचे कारण त्यांनी उघड सांगितले आहे: वडिलांना दिलेला शब्द. ते वडील म्हणजे मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर. साऱ्या देशातल्या मुलांचा जो कित्ता, त्याचाही स्वतःचा कित्ता घरातला, लगतचा होता.

पुण्यामुंबईच्या गोष्टी झाल्या. आता आपल्या अंगणात येऊ. हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊत डोंगरपाड्यांतून अनवाणी धावत वाढल्या. नाशिकला विजेंद्र सिंग या प्रशिक्षकांनी त्यांना घडवले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. धावपट्टीवर वैयक्तिक राष्ट्रकुल पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ही आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची आहे. त्याच वर्षी त्यांनी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले.

आणि येथून आग्रा रस्त्याने चांदवडकडे निघालात तर तळेगाव रोही हे गाव त्याच तालुक्यातले. तेथले दत्तू भोकनळ. गाव दुष्काळी, वडील विहिरी खोदणारे. मुलानेही तेच काम केले. पाण्यासाठी जमिनीत खोल उतरणाऱ्या घरातला हा मुलगा लष्करात गेला, पुण्याला वल्ही हाती घेतली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवून २,००० मीटरच्या शर्यतीत तेरावा आला. त्या वेळी त्यांच्या आई आजारी होत्या, अंथरुणाला खिळलेल्या होत्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरी शर्यतीत ते आजारपणामुळे अगदी मागे पडले. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत बसून त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. आमच्या मते मुलांना सांगावयाची गोष्ट आहे ती या दोन दिवसांमधल्या रात्रीची. काल सगळ्यांच्या मागे राहिलेला माणूस आज पुन्हा वल्हे उचलतो, आणि तेही तिघा सोबत्यांबरोबर, एका तालात.

कविता राऊत धावपळीच्या जोरावर नोकरीला लागल्या, दत्तू भोकनळ लष्कराच्या पगारावर वल्हे मारीत राहिले. खेळ हाच त्यांचा व्यवसाय झाला. त्यात कमीपणा कसला? द्राक्षाची बाग लावणारा शेतकरीही पैशासाठीच बाग लावतो. छाटणी वेळेवर करणे आणि रोगावर नजर ठेवणे यांत त्याची प्रामाणिकता दिसते. खेळाडूची प्रामाणिकताही तशीच त्याच्या रोजच्या कामात शोधली पाहिजे, त्याच्या लिलावाच्या आकड्यात नव्हे.

आता आम्ही प्रारंभीच्या प्रश्नाकडे येतो. व्यावसायिक खेळाडू मुलांचा आदर्श व्हावा काय? आमचे उत्तर असे, की तो होणारच. आपल्या संमतीची मुले वाट पाहत नाहीत. आपल्या हाती एवढेच आहे, की त्या छापील ओळीच्या खाली पहिली ओळ कोणी लिहावयाची. खेळाडूची चर्चा करताना आपण मुलापुढे त्याचा आकडा बोलतो की सराव? हरलेल्या संघाला दूरदर्शनपुढे बसून शिव्या देतो, आणि मग मुलाला खिलाडूवृत्ती शिकवतो? कविता राऊत यांच्या नावाने टाळ्या वाजवतो, आणि आपली मुलगी संध्याकाळी मैदानावर निघाली की ‘आता मोठी झालीस’ म्हणतो? पळवणकरांच्या वेळची ती मातीची भांडी आपण फोडली असे आपण म्हणतो. ती खरोखर फुटली का, हे गावातल्या मुलांच्या संघात कोण खेळतो, कोण नुसता चेंडू आणून देतो, आणि सामना झाल्यावर कोण कोणाच्या घरी पाणी पितो, यावरून पाहता येईल. हे पाहावयास दूर जावे लागत नाही. सुटीच्या दिवशी संध्याकाळी मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहिले म्हणजे पुरे.

पळवणकर बाळू १९५५ साली मुंबईत वारले. ज्या खेळपट्ट्यांची त्यांनी निगा राखली तेथे नंतर कितीजण खेळून गेले असतील. पदके आणि धावा यांची नोंद पुस्तकांत राहते. चहाचे भांडे कोणी वेगळे ठेवले आणि कोणी जवळ केले याची नोंद मुलांच्या मनात राहते, आणि पुढच्या पिढीत ती हस्ताक्षरासारखी उमटते. आपली मुले आज कोठला ना कोठला कित्ता गिरवीत बसली आहेत. वरची ओळ छापणारे छापतील. लगतची ओळ आपली आहे. ती आपण सरळ लिहावी, एवढीच आमची या वसंतात आपल्याला विनंती आहे.